घरामागची टेकडी, शॅपरल आणि वणवे: झुडपं सरसकट काढावीत का?

मृदुला_एसडी | ११ ऑक्टोबर, २१:०५

सॅन डिएगो शहराच्या उत्तरेला, रँचो बर्नार्डोच्या बाजूला आमची वसाहत आहे. घरांच्या रांगेमागे कुंपण, कुंपणापलीकडे टेकडीचा उतार आणि उतारावर पुरुषभर उंचीची दाट झुडपं. शमीस, सिॲनोथस, मँझनीटा, लॉरेल सुमॅक, स्क्रब ओक. या सगळ्या झाडोऱ्याला मिळून इथे शॅपरल म्हणतात. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, तोही वर्षाला जेमतेम दहा इंच. सप्टेंबर उजाडला की सगळं वाळून खडखडीत होतं आणि आमची झोप उडते. २००७ च्या विच आगीत याच भागातली शेकडो घरं गेली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसकडे पॅलिसेड्स आणि अल्टाडेनाचं आगीत काय झालं ते सगळ्यांनीच पाहिलंय. तेव्हा भीती खोटी नाही.

आता आमच्या एचओएत, म्हणजे सोसायटीच म्हणा, ठराव आलाय की वर्गणी काढून कुंपणापासून थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत सगळी झुडपं काढून टाकायची. यंत्र लावून, मुळासकट. एका गटाचं म्हणणं, त्या जागी 'छान हिरवी झाडं' लावू. पुढच्या महिन्यात मतदान आहे.

माझं मत ठरावाच्या विरोधात आहे. पण सभेत "तुम्हाला घरापेक्षा झुडपं प्यारी का?" असं कोणी विचारलं की बाकीचे टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. तिथे सांगता येईल असं काहीतरी ठोस हवंय. अनुभव, माहिती, विरोधी मत, सगळं चालेल.

टोच्या | ११ ऑक्टोबर, २१:४०

काढा की. एवढा विचार कसला? मी सॅक्रामेंटोला आहे, आमच्याकडे दर उन्हाळ्यात धूर. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत बसले, जंगलात काडीकचरा साठत गेला, आणि काढायला गेलं की पर्यावरणवाले कोर्टात. साठलेलं सरपण एक ना एक दिवस पेटणारच. इथले मूळ रहिवासी मुद्दाम आगी लावायचे, त्यांना कळत होतं.

घाटवाटा | ११ ऑक्टोबर, २२:१५

मृदुला, पुण्यातून लिहितोय. दर फेब्रुवारी-मार्चला आम्ही काही जण रविवारी टेकड्यांवर जाळरेषा काढायला जातो. म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच कापून किंवा नियंत्रणात जाळून मोकळा ठेवायचा. वणवा आलाच तर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतो. तुमच्याकडेही माथ्यापर्यंत सगळं काढण्याऐवजी असा एक पट्टा पुरणार नाही का?

भुईनळा | ११ ऑक्टोबर, २२:३१

शंभर मैल वेगाच्या वाऱ्यात फांदीने झोडपायला घाटवाटाला व्हिसा काढून द्या रे कोणीतरी.

रानवेडा | १२ ऑक्टोबर, ००:१०

वनस्पती हा माझा पोटापाण्याचा विषय आहे आणि लॉस एंजेलिस परिसरातले डोंगर पायाखालचे आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

टोच्या म्हणतात ते कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलाबद्दल बरंचसं खरं आहे. तिथे पूर्वी दर पाच-वीस वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरायची, पाचोळा आणि रोपटी जाळून जायची, मोठी झाडं जाड सालीमुळे टिकायची. आगी विझवण्याच्या धोरणामुळे तिथे खरोखरच दाटी झाली. त्या जंगलांना आग कमी पडली.

शॅपरलचं नेमकं उलट आहे. तिथे हलकी आग असा प्रकारच नसतो. पेटलं की झुडूप शेंड्यापर्यंत पेटतं. आणि नैसर्गिकरीत्या ते फार क्वचित पेटायचं, साधारण ३० ते १५० वर्षांतून एकदा. किनाऱ्याजवळ वीज कमी पडते, आणि पडते ती उन्हाळ्यात उंच डोंगरांवर, वारा नसताना. आज कॅलिफोर्नियातल्या ९० टक्क्यांहून जास्त आगी माणसाकडून सुरू होतात: विजेच्या तारा, गाड्या, यंत्रं, शेकोट्या, खोडसाळपणा. म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या झुडपांना आग कमी पडली नाही, जास्त झाली आहे. एकाच राज्यातल्या दोन परिसंस्था, दोन उलटी दुखणी, आणि टीव्हीवर दोघांना एकच औषध सांगतात.

आता झुडपं आगीनंतर काय करतात ते बघा, मृदुलाला सभेत उपयोगी पडेल.

शमीसच्या बुंध्याशी जमिनीत सुरणाच्या गड्ड्यासारखी गाठ असते. वरचं सगळं जळालं तरी त्या गाठीतून काही आठवड्यांत धुमारे फुटतात, आणि शमीस बियांपासूनही येते. स्क्रब ओक आणि टोयॉन बुंध्यापासून फुटतात, पण त्यांचं बी आगीत मरतं. त्यांची नवी रोपं जुन्या, दाट झुडपांच्या सावलीत, अनेक दशकं आग लागली नाही तरच रुजतात. सिॲनोथसच्या बऱ्याच जाती आणि मोठ्या फळांची मँझनीटा यांना गाठच नसते. झुडूप आगीत मरतं, आणि जमिनीत साठलेलं बी आगीच्या उष्णतेने किंवा धुराने जागं होऊन रुजतं. हे रोप मोठं होऊन पुन्हा पुरेसं बी जमिनीत पडायला दहा, पंधरा, कधी जास्त वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली की बीही संपलं आणि झुडूपही.

मग ती जागा कोण घेतं? युरोपातून आलेलं ब्रोम गवत, रानटी ओट, काळी मोहरी. ही मंडळी मे महिन्यातच वाळतात, ठिणगीला पेटतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तयार. म्हणजे आग आणखी लवकर, उरलीसुरली झुडपं आणखी कमी, गवत आणखी जास्त. यंत्र लावून मुळासकट उतार साफ केला तर हेच घडतं, फक्त आगीची वाट न पाहता.

सुमा_पर्थ | १२ ऑक्टोबर, ०६:२०

रानवेडा, धुराचा उल्लेख वाचून राहवलं नाही. आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियात नर्सरीत 'स्मोक वॉटर' बाटलीत मिळतं. धूर पाण्यातून सोडून केलेलं पाणी. स्थानिक रानफुलांचं बी त्यात भिजवून पेरायचं, एरवी ते वर्षानुवर्षं मातीत ढिम्म पडून राहतं. धुरातलं नेमकं कोणतं रसायन हे काम करतं ते २००४ मध्ये इथल्याच संशोधकांनी शोधलं, कॅरिकिन नावाचं. कॅलिफोर्नियातही तसंच का?

भुईनळा | १२ ऑक्टोबर, ०६:४४

आमच्या आजीची चूल इतकी धूर ओकायची की परसात ऑस्ट्रेलिया उगवायला हवं होतं.

रानवेडा | १२ ऑक्टोबर, ०९:०२

सुमाताई, परिणाम तोच, रसायन वेगळंही असू शकतं. इथे 'व्हिस्परिंग बेल्स' नावाचं फिकट पिवळ्या घंटांचं एक फूल आहे. त्याचं बी धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने जागं होतं, असं १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. जळालेल्या डोंगरावर पहिला पाऊस झाला की पुढच्या वसंतात ही फुलं, फायर पॉपी, फॅसिलिया यांचा नुसता पूर येतो. दोन-तीन वर्षांनी ती गायब, बी परत जमिनीत, पुढच्या आगीपर्यंत.

यावरून "बघा, शॅपरलला आग हवीच असते" असा निष्कर्ष लोक काढतात. किती वर्षांनी हवी, हा अर्धा प्रश्न मात्र सोडून देतात.

सॅन डिएगोतलंच उदाहरण देतो. मेक्सिकोच्या सीमेलगत ओटाय डोंगरावर टेकाटे सायप्रस नावाचं दुर्मिळ झाड आहे. त्याचे शंकू बी आत घट्ट धरून बसतात, आगीच्या आचेनेच उघडतात. पण झाडावर भरपूर शंकू साठायला काही दशकं लागतात. तो डोंगर २००३ मध्ये जळाला आणि बराच भाग २००७ मध्ये हॅरिस आगीत परत. चार वर्षांच्या रोपांकडे शंकू कुठून असणार?

टोच्या | १२ ऑक्टोबर, १०:३०

रानवेडा, पुस्तकी मांडणी छान आहे. पण सीमेपलीकडे मेक्सिकोच्या बाहामध्ये तेच शॅपरल, तोच वारा. तिथे कोणी आगी विझवत नव्हतं, म्हणून लहान लहान आगी लागत, डोंगरावर जुन्या-नव्या झुडपांची ठिगळं तयार होत, आणि आग कोवळ्या ठिगळापाशी येऊन थांबे. इकडे विझवत राहिलो, ठिगळं गेली, राक्षसी आगी आल्या. भूगोलतज्ज्ञ मिनिच यांचा १९८३ चा निबंध आहे यावर. आणि मूळ रहिवाशांच्या मुद्द्याला तुम्ही हातच लावला नाही.

रानवेडा | १२ ऑक्टोबर, १३:१५

मिनिच यांचा निबंध महत्त्वाचा आहे आणि त्यावर पुढची कित्येक वर्षं कडाक्याचा वाद झाला, त्यात मिनिच यांना विरोध करणारे वणव्यांचे अभ्यासक कीली यांची बाजू मला पटते. कारण साधं आहे. इथल्या मोठ्या आगी उन्हाळी झुळकीत होत नाहीत, सँटा ॲना वाऱ्यात होतात. नेवाडा-युटाच्या उंच वाळवंटातली हवा डोंगर उतरून समुद्राकडे धावते, उतरताना तापते आणि कोरडी होते. हवेतली आर्द्रता एक आकडी. अशा दिवशी कोवळं ठिगळ आगीला थांबवत नाही. २००३ ची सीडर आग सुमारे पावणेतीन लाख एकर फिरली, १५ माणसं गेली. त्यात जळालेली हजारो एकर जमीन २००७ मध्ये विच आगीत पुन्हा जळाली. चार वर्षांचं झुडूप आणि गवत, आणखी कोवळं काय असतं? वारा मंद असताना ठिगळांचा उपयोग होतो, हे मान्य. पण घरं जातात ती त्या दिवसांत नाही.

आता मूळ रहिवासी. कुमेयाय, चुमाश, टोंग्वा हे लोक आगी लावत, नक्कीच. खाण्याजोग्या बियांचं गवत, हरणांना चारा, टोपल्यांसाठी सरळ फोक मिळावेत म्हणून, वस्त्यांच्या आसपास, ऋतू पाहून. त्यावर १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर आरियागाने बंदी घातली, लोकांची पिढ्यान्पिढ्यांची जाण मोडून काढली, हा अन्याय होता. पण ते जाळत तिथे झुडपं कमी होऊन गवत वाढे, आणि त्यांना तेच हवं असे. त्यावरून "सगळ्या डोंगरांवर दर दहा वर्षांनी आग फिरवा" असं निघत नाही. तेव्हाचं गवत स्थानिक होतं, आता येतं ते ब्रोम.

टोच्या | १२ ऑक्टोबर, १३:५०

म्हणजे हात जोडून बसायचं. समजलं.

आडवाटे | १२ ऑक्टोबर, १५:०५

हात जोडून कशाला, हात घराला लावायचे. मी बांधकामात आहे, ऑरेंज काउंटीत. विच आगीनंतर रँचो बर्नार्डोतल्या घरांचा सविस्तर तांत्रिक अभ्यास झाला होता. ज्वाळांची भिंत येऊन घरं गिळते हे चित्र सिनेमातलं. बहुतेक ठिकाणी निखारे येतात. उडणारे, वाऱ्यावर मैलभरही जाणारे. ते पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत शिरतात, पन्हाळीतल्या पाचोळ्यात पडतात, भिंतीला टेकलेल्या लाकडी कुंपणाशी, पायपुसण्यावर, डेकखाली ठेवलेल्या खोक्यांवर. एक घर पेटलं की शेजारचं त्याच्या धगीने. अल्टाडेनात राख झालेल्या घराशेजारी हिरवं झाड उभं, असे फोटो पाहिले असतील.

आणि माथ्यापर्यंत साफ केल्याने आग अडते का? मृदुला, सभेत एवढंच विचारा: सीडर आणि विच, दोन्ही आगींनी आय-१५ हायवे ओलांडला. आठ-दहा पदरी काँक्रीट. त्यापेक्षा स्वच्छ पट्टा तुमची वर्गणी काढू शकणार आहे का?

भुईनळा | १२ ऑक्टोबर, १५:१२

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मृदुला_एसडी | १२ ऑक्टोबर, १९:३०

आडवाटे, हायवेचा मुद्दा लिहून घेतला! भुईनळा, तुझंही वाक्य घेतलं, फक्त सभेत त्याचं इंग्रजी कोण करणार?

घाटवाटा, जाळरेषेबद्दल विचारलं होतंस. गवताच्या आगीत आणि वारा बेताचा असताना ती चालते. अग्निशामक दल इथेही पट्टे काढतं, माणसं आणि बंब उभे राहायला जागा मिळावी म्हणून. आग आपोआप तिथे थांबेल अशी त्यांचीही अपेक्षा नसते.

माळढोक_सोलापूर | १२ ऑक्टोबर, २१:००

हा धागा वाचताना सारखं आमचं माळरान आठवत होतं. तुमच्या शॅपरलला लोक 'ब्रश' म्हणतात ना, म्हणजे काढून टाकायची वस्तू. आमच्या माळांना सरकारी नकाशात 'पडीक' म्हणतात. हिवर, बोर, तरवड, हेंकळ, मध्ये कुसळी आणि मारवेल गवत. लांडगे, खोकड, चिंकारा, नान्नजचा माळढोक (होता म्हणायची वेळ आलीय) सगळे या 'पडीक' जागेवरचे. जंगल तोडून माळ झालाय अशी समजूत, मग तिथे गिरिपुष्प लावायचा, खड्डे खणायचे, फोटो काढायचे. जुन्या मराठी साहित्यात, ओव्यांत, लोककथांत आलेली झाडं तपासून पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं किमान ७५० वर्षांपासून अशीच आहेत असं दाखवणारा अभ्यास २०२५ मध्ये आला. काटेरी बाभळी आणि गवत तेव्हाही होतं.

तुमच्या वसाहतीतली 'छान हिरवी झाडं' म्हणजे कोणती हो?

मृदुला_एसडी | १२ ऑक्टोबर, २१:२०

निलगिरी आणि पाम. हसू नका.

सुमा_पर्थ | १३ ऑक्टोबर, ०५:५०

निलगिरी!! आमच्याकडून नेलेलं ते झाड. सालीच्या लांब पट्ट्या पेटत्या अवस्थेत वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातात, पानात तेल. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, तेव्हा निलगिरीची जंगलं कशी पेटतात ते आम्ही पाहिलंय. घराजवळ लावू नका गं बाई. आणि पामच्या वाळक्या झावळ्या म्हणजे झाडावर टांगलेल्या मशालीच.

मोहफूल | १३ ऑक्टोबर, ०८:१५

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा अनुभव. आमच्याकडे वणवा बहुतेक वेळा कामासाठी लावलेला असतो. मोहाची फुलं पहाटे खाली पडतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही जाळतात. आग तिथेच राहिली तर ठीक, नाही राहिली की डोंगर पेटतो. वनखातं दरवर्षी बंदीचे फलक लावतं. ज्या गावांत झाडाखाली जाळी अंथरून फुलं वेचायची सोय झाली तिथे फरक पडला, फलकाने नाही. १९२७ चा कायदा आहे, राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. आता उपग्रहावरून आगीचा ठिपका दिसला की वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. पण तिथे पोचेपर्यंत चालत दोन तास.

टोच्या | १३ ऑक्टोबर, ०८:४०

बघा, म्हणजे जाळणारे लोक अडाणी नाहीत. मी कालपासून तेच सांगतोय.

मोहफूल | १३ ऑक्टोबर, ०८:५५

टोच्या भाऊ, अडाणी कोणीच म्हटलं नाही. पण आमचं पानगळीचं जंगल, त्यात पाचोळ्याची आग, गुडघ्याखालची. माळढोक यांचं गवताळ रान, तिथे गवताचे ठोंब जमिनीत सुरक्षित, पावसाने परत हिरवे. रानवेडांचं झुडूप शेंड्यापर्यंत जळतं. तिन्हीकडे तुमचं एकच वाक्य लावलं तर सुक्याबरोबर ओलंही जळेल.

विमाग्रस्त | १३ ऑक्टोबर, १२:१०

सगळं पर्यावरण बरोबर, पण मृदुलाच्या सोसायटीत हा ठराव आला कशामुळे ते मी सांगतो. विमा. आमचा घराचा विमा कंपनीने 'वणव्याचा धोका' म्हणून पुढे चालू ठेवायला नकार दिला. ड्रोनचा की उपग्रहाचा फोटो पाहून. फोटोत हिरवट-तपकिरी दिसलं की लाल शेरा. मग शेवटचा आसरा म्हणजे फेअर प्लॅन, कोणीच विमा देत नाही त्यांच्यासाठीची राज्यातली योजना, हप्ता दुप्पटीहून जास्त आणि संरक्षण तोकडं. अशा वेळी शेजारी "काढा ती झुडपं" म्हणतात ते मूर्खपणाने नाही, हप्त्याच्या भीतीने. त्यांना फुलांच्या गोष्टी सांगून मत मिळणार नाही.

आडवाटे | १३ ऑक्टोबर, १३:००

शंभर टक्के अनुमोदन. पण त्यावरही उत्तर आहे. २०२२ पासून कॅलिफोर्नियात नियम आहे की घर आगीला तोंड देईल असं केलं असेल, तर विमा कंपनीने हप्त्यात सवलत द्यायची. सवलत मोठी नसते, आणि पॉलिसी मिळेलच याची हमीही नाही. तरी खर्च कुठे करायचा हे त्या नियमातल्या उपायांच्या यादीवरून ठरवता येतं: ए वर्गाचं, म्हणजे आगीला सगळ्यात जास्त टिकणारं छप्पर, निखारे अडवणारे झरोके, घरापासून पाच फुटांत जळणारं काही नाही, वगैरे. माथ्यापर्यंत टेकडी सोलणं त्या यादीत कुठेच नाही.

झरोक्याला आठांश इंचाची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी, काही शे डॉलरचं काम. यंत्र लावून उतार साफ करायचा खर्च विचारा एकदा.

कडेकपारी | १३ ऑक्टोबर, १६:४५

खर्चाचं निघालंच आहे म्हणून. उतार मुळासकट सोलला की पुढच्या पावसात तो घरात येतो. थॉमस आग डिसेंबर २०१७, २,८१,८९३ एकर. महिना-सव्वा महिन्यात, ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, वरच्या जळालेल्या डोंगरावर जोराचा पाऊस झाला आणि माँटेसिटो गावात चिखल-दगडांचा लोंढा शिरला. २३ जण गेले. जळणाऱ्या झुडपांतलं मेणचट द्रव्य वाफ होऊन मातीत थोडं खाली थिजतं आणि पाणी मुरू देत नाही, हे एक कारण. पण यंत्राने सोललेल्या उतारावरही धरून ठेवायला मुळं नसतातच. आगीतून फुफाट्यात म्हणतात, इथे आगीतून चिखलात.

भुईनळा | १३ ऑक्टोबर, १६:५८

बकऱ्यांचं कोणी बोललं नाही अजून. मी व्हिडिओ पाहिलाय, कॅलिफोर्नियात बकऱ्या भाड्याने मिळतात, कुंपण लावून सोडतात, डोंगर साफ.

माळढोक_सोलापूर | १३ ऑक्टोबर, १७:२०

आमच्याकडे फुकट मिळतात. तरवड सोडून सगळं खातात.

रानवेडा | १३ ऑक्टोबर, १८:०५

घराजवळच्या गवत-मोहरीला बकऱ्या उत्तम, बी धरायच्या आत सोडल्या तर. पण बकरीला 'स्थानिक' आणि 'परका' कळत नाही, फार वेळ ठेवल्या तर झुडपांच्या सालीही जातात आणि खुरांनी उतार मोकळा होतो.

मृदुला_एसडी | १३ ऑक्टोबर, २२:१०

विमाग्रस्त, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ. खरंय, आमच्याही दोन शेजाऱ्यांना नूतनीकरण नाकारल्याची पत्रं आली आहेत, आणि ठराव त्यांचाच आहे. मी त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोलणार, सभेत नाही.

पर्यायी ठराव असा मांडावा म्हणते: सगळ्या घरांच्या झरोक्यांना जाळ्या आणि भिंतीला टेकलेली लाकडी कुंपणं बदलणं यासाठी सामायिक वर्गणी. घरापासून १०० फुटांपर्यंत विरळणी, कायद्याने ती तशीही करावीच लागते. त्यापलीकडे टेकडीला हात नाही. विरळणी नेमकी कशी करायची हे कोणी सांगेल का?

रानवेडा | १३ ऑक्टोबर, २३:४०

तुम्ही सॅन डिएगो शहराच्या हद्दीत आहात म्हणून शहराचाच नियम सांगतो. कुंपणाजवळच्या सिंचनाच्या पट्ट्यापलीकडे, दोन फुटांहून उंच झुडपांपैकी साधारण निम्मी सहा इंचांवर कापायची. मुळं जागेवर. उरलेली निम्मी विखरून ठेवायची, खालच्या वाळक्या फांद्या काढायच्या. आधी परकी झाडं, वाळलेलं लाकूड, मग शमीस, आणि टोयॉन, ओक, लेमोनेड बेरी शेवटी, शक्यतो नाहीच. ही मोठी पानवाली झुडपं राहिली की खाली सावली राहते, गवताला वाव मिळत नाही, उडणारे काही निखारेही तिथेच अडतात.

काम पावसाळा सरल्यावर घाईने उरकू नका, मार्च ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत नॅटकॅचरसारख्या पक्ष्यांच्या घरट्यांमुळे किनाऱ्याकडच्या 'सेज' नावाच्या सुवासिक झुडपांच्या रानात मनाई असते. आणि टेकडीची मालकी कोणाची ते आधी बघा. बऱ्याच कॅन्यन शहराच्या आहेत, तिथे परवानगीशिवाय यंत्र लावलं तर दंड सोसायटीला.

टोच्या | १४ ऑक्टोबर, ००:०५

हे शेवटचं आधी सांगायला हवं होतं, दोन दिवसांची चर्चा वाचली असती. मृदुला, मालकी शहराची निघाली तर ठराव आपोआप बाद, भाषण करायची गरज नाही.

बाकी सिएराबाबत माझं म्हणणं कायम आहे.

रानवेडा | १४ ऑक्टोबर, ००:१२

सिएराबाबत आपलं भांडण कधीच नव्हतं.

घाटवाटा | १४ ऑक्टोबर, ०९:३०

एक शंका राहिली. शॅपरल कधी पेटेल हे कळण्याचं काही मोजमाप आहे का? आमच्याकडे गवत पिवळं झालं की कळतं.

कडेकपारी | १४ ऑक्टोबर, १०:१०

आहे. जिवंत फांद्यांतलं पाणी मोजतात. लॉस एंजेलिस काउंटीचं अग्निशामक खातं ठरावीक जागांवरून शमीसच्या फांद्या नियमितपणे कापून, वाळवून, वजन करून बघतं. कोरड्या वजनाच्या ६० टक्क्यांखाली पाणी गेलं की धोक्याची पातळी. जानेवारी २०२५ ला दोन भरपूर पावसाच्या वर्षांनंतर झाडोरा माजला होता आणि मे २०२४ पासून जवळपास थेंब नव्हता, त्यात तो वारा. पॅलिसेड्स आणि अल्टाडेनाच्या दोन्ही आगी मिळून १६,००० हून जास्त इमारती गेल्या. वर्षाच्या त्या सुमारास एरवी डोंगर ओले असतात.

मृदुला_एसडी | १४ ऑक्टोबर, २०:४५

नकाशा पाहिला. उताराचा खालचा तुकडा आमचा, माथा शहराचा. टोच्या, अर्धा ठराव आपोआप बाद, उरलेल्या अर्ध्यासाठी भाषण करावंच लागेल.

दोन शेजाऱ्यांपैकी एक बाई जाळ्यांना तयार झाल्या. दुसरे गृहस्थ म्हणाले, "निलगिरी नको म्हणता, मग त्या रिकाम्या जागी काय?" टोयॉन सांगितलं. आता ते विचारतायत कुठून आणायचं आणि कधी लावायचं.

रानवेडा | १४ ऑक्टोबर, २१:३०

स्थानिक झाडांच्या नर्सरीत मिळेल, एक गॅलनच्या कुंडीतलं लहान रोपच घ्या, मोठं घेऊन उपयोग नाही, मुळं धरत नाहीत. पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावा, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. घरापासून तीस फुटांच्या आत नको. पहिला उन्हाळा पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी, पण थंड दिवस बघून. दुसऱ्या उन्हाळ्यापासून कमी करत न्या. लाल फळं डिसेंबरात येतात, त्यावर सीडर वॅक्सविंग पक्ष्यांचे थवे उतरतात, ते तुमच्या गृहस्थांना आवडतील.

भुईनळा | १४ ऑक्टोबर, २१:४१

आणि बकऱ्या?

रानवेडा | १४ ऑक्टोबर, २१:४३

टोयॉनला जाळी लाव. मग बोल.